देवांचे हेर

अगम्यागमनाचा विषय शिष्टांच्या बैठकीत निघत नाही. वाङ्मयाने मात्र तो टाळलेला नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील दहाव्या सूक्तात यमी आपल्या जुळ्या भावाकडे संगाची याचना करते. देवांचे हेर पापणी न मिटता हिंडत असतात, असे सांगून यम तिला नाकारतो. सोफोक्लीझच्या ईडिपसला तर आपली पत्नी हीच आपली माता, हे ठाऊकच नसते. एकीकडे कृत्य नाही, दुसरीकडे हेतू नाही. आमच्यासारखा वकील दोघांनाही सोडवील. तरीही सत्य कळताच ईडिपस स्वतःचे डोळे फोडून घेतो.

काही वर्षांपूर्वी पोटच्या अल्पवयीन मुलीबाबत असाच आरोप आलेल्या एका पित्याचे वकीलपत्र आम्ही घेतले होते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशा नात्यामुळे गुन्हा अधिकच गंभीर मानला आहे. साक्षीच्या वेळी मुलगी गप्प राहिली. त्या मौनाच्या बळावर आम्ही अशिलाला सोडविले. तो ईडिपससारखा अजाण नव्हता, हे आम्ही मनोमन ओळखून होतो.

राजाने कळल्यावर डोळे फोडले. आम्ही कळूनही ते नुसते मिटले. देवांचे हेर अजून हिंडत आहेत, हे त्या रात्री आम्हांस प्रथम उमगले.