रुळावरची अक्षरे

माझ्या लहानपणी भिलाईत कुणालाही गाव विचारले, तर उत्तर भिलाई असे येत नसे. कुणी पालघाटचे, कुणी बर्दवानचे, कुणी श्रीकाकुलमचे; आम्ही भंडाऱ्याकडचे. पत्ता मात्र साऱ्यांचा एकाच जातीचा : सेक्टर, रस्ता, क्वार्टर, म्हणजे तीन आकडे. तसे पाहता मराठी माणसाला हा मुलूख परका नव्हता. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचीही राजधानी नागपूरच होती. तरीही आपण येथे नोकरीपुरते आलो आहोत, ही जाणीव प्रत्येक घरात ट्रंकेसारखी खाटेखाली असे.

सोव्हिएत साहाय्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी बाबा रेल मिलमध्ये लागले. दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून आलेल्या लाल दगडाचा शेवटी रूळ होई, आणि त्या रुळांवरूनच आम्ही उन्हाळ्यात आजोळी जात असू.

घड्याळापेक्षा पाळी मोठी होती. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. त्या सुमारास सायकलींचा लोंढा रस्त्यावरून वाहत जाई. दुपारी खेळताना आम्हांला ओरडण्याची मुभा नसे, कारण कुणाचे तरी वडील रात्रपाळी करून, खिडकीला वर्तमानपत्र चिकटवून निजलेले असत. रात्री तापलेली मळी ओतली की आकाश तांबडे होई. आई कूस बदलून तिकडे पाही, काही बोलत नसे.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईचे शेत कारखान्याच्या भिंतीआड गेले होते. ती ते हात करून दाखवी, अगदी शेजारचे घर दाखवावे तसे. आम्ही तिला बांध कुठे होता, विहीर कुठे होती, असे कधी विचारले नाही. १९९१ च्या सप्टेंबरात शंकर गुहा नियोगी यांची भिलाईत हत्या झाली. १९९२ च्या १ जुलैला पॉवर हाऊस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. ते कामगार खाजगी कारखान्यांतले. कायम नोकरी आणि क्वार्टर असलेले आम्ही निराळे, असे आम्ही धरून चाललो होतो. आमच्या घरी त्या दिवसाची आठवण भाजीवाला आला नाही एवढीच आहे. हे लिहिताना आजही लाज वाटते.

१९९६ मध्ये बाबा निवृत्त झाले आणि पुढे क्वार्टर परत करावे लागले. एका गृहस्थाने नळ आणि खिडक्यांच्या काचा मोजून घेतल्या. आईने लावलेला कढीलिंब छपराच्या वर गेला होता. तो कोणत्याच यादीत नव्हता. पस्तीस वर्षे राहूनही त्या गावात आमच्या मालकीचे काही उरले नाही, आणि भंडाऱ्याला परतावे तर तिथे आता कुणी ओळखीचे नव्हते. म्हणून नागपूर.

तिथे एकदा फाटक बंद असताना बाबा रिक्षातून उतरले. लोहमार्गालगत काढून टाकलेले जुने रूळ पडले होते. रुळाच्या अंगावर कारखान्याची खूण आणि वर्ष उठवलेले असते. बाबांनी वाकून रुमालाने गंज पुसला, चष्मा सारखा केला आणि मला जवळ बोलावले.

"तुझ्या जन्माचं वर्ष," ते म्हणाले. "तेव्हा रात्रपाळी होती माझी."

गाडी गेली, फाटक उघडले. मागचे लोक भोंगे वाजवू लागले, तरी ते दुसऱ्या रुळावरचा गंज पुसत होते.