शाळूसोबत्यांचे बोलावणे

शाळा सोडून तीस वर्षे होत आली, आणि आता जुने शाळूसोबती आम्हांस स्नेहमेळाव्यास बोलावीत आहेत. स्थळ आमच्या बाळपणीचे अफझलगंज. प्रिय वाचकहो, आनंद तर झालाच. पण मन थोडे कचरलेही. अशा मेळाव्यात कोण किती वर चढला याचे मोजमाप नकळत सुरू होते. त्याहून बोचते ते हे की, यादीत केवळ दहावी उत्तीर्ण झालेल्यांचीच नावे आहेत. घरच्या ओढगस्तीमुळे आठवीतच शाळा सोडून बेगमबाजारात पोती उचलू लागलेला आमच्या बाकावरचा सोबती तीत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. येथे राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांना शाळा म्हणजे जणू माहेरच. मग माहेरी काही लेकरांनाच बोलावणे का असावे?

उस्मानिया इस्पितळाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, तेव्हा तिच्या फांद्यांचा आसरा घेऊन सुमारे १५० माणसे वाचली, असे सांगतात. त्या वेळी कोणी कोणाची इयत्ता विचारली नसेल.

आम्ही जाणार आहोत. परंतु आधी बेगमबाजारात त्या सोबत्याची चौकशी करू. तो न आला तरी त्याचे नाव यादीत असावे, अशी विनंती चालकांस केली आहे. वाचकहो, आपल्याही यादीतून कोणी गळले आहे काय, हे एकवार पाहावे.