बुरागोरांगची दरी

सिडनीत नळाला जे पाणी येतं, त्यातलं सुमारे ८० टक्के वॉरागंबा धरणाचं. तिथं स्थायिक झालेली मराठी घरंही त्याच पाण्यावर. १४ ऑक्टोबर १९६० ला धरणाचं उद्घाटन झालं, तोवर वोलोंडिली आणि कॉक्स नद्यांची बुरागोरांग दरी पाण्याखाली चालली होती.

या दरीसाठी हळहळणारे बहुधा गोऱ्या शेतकऱ्यांची आठवण काढतात. मक्याची शेतं, गुरं, देवळासारखं जपलेलं चर्च, सुटीत घोड्यावर रपेट मारायला येणारे शहरी पाहुणे. १९३४ ते ४२ च्या दुष्काळानं सिडनीच्या तोंडचं पाणी पळालं. १९४८ मध्ये धरणाचं काम सुरू झालं आणि पाणी चढायच्या आत झाडं तोडली गेली, घरं पाडली गेली. ते दुःख खोटं नाही, पण ती माणसं या दरीत आली होती एकोणिसाव्या शतकात.

त्याच्या कितीतरी आधीपासून दरी गुंडुंगुरा या आदिवासी लोकांची. त्यांच्या कथेत गुरंगाच नावाचा प्रचंड प्राणी आहे, अर्धा मासा, अर्धा सरपटणारा. वोलोंडिली आणि विंजेकॅरिबी या नद्यांचा आज जिथं संगम आहे, तिथल्या डोहात तो राहायचा. मिरागन या पट्टीच्या मासेमाराला (हा मूळचा ठिपकेदार क्वोल, मांजराएवढा शिकारी प्राणी) तो दिसला. भाला डोहाच्या तळापर्यंत पोचेना, म्हणून त्यानं झाडांच्या सालींचे भारे पाण्यात भिजत घातले. सालीच्या विषानं मासे गुंगतात, हे आपल्याकडच्या आदिवासींनाही ठाऊक आहे. गुरंगाच नुसता कासावीस झाला. मिरागन आणखी साली आणायला गेला तेवढ्यात गुरंगाचनं जमीन फोडत पळ काढला, आणि मागं जी चर पडली ती वोलोंडिली. पाठलाग, मारामारी, पुन्हा पळ. त्यातूनच कॉक्स नदी आणि जेनोलनच्या गुहांपर्यंतचा मुलूख घडला. नदीवरची कितीतरी ठिकाणं या कथेत नावानिशी येतात, त्यामुळे ती ऐकलेल्याला दरीत वाट चुकायचं कारण नव्हतं. कथा लिहून ठेवली आर. एच. मॅथ्यूज यांनी. ते पेशानं सर्व्हेअर. गोऱ्यांसाठी जमिनीच्या हद्दी आखणं हेच त्यांचं काम!

दरीत वाढलेले गुंडुंगुरा वेरीबेरी, इंग्रजी नावानं विल्यम (बिली) रसेल, यांच्या आठवणी १९१४ साली छापल्या गेल्या. त्याच वर्षी ते वारले, धरण पाहायची पाळी त्यांच्यावर आली नाही. दरीतून उठलेल्या काही कुटुंबांनी कटूंबा गावाजवळच्या 'द गली' या वस्तीत आसरा घेतला. १९५७ मध्ये मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक करायचा म्हणून तिथूनही त्यांना हुसकलं. त्या जागेला आदिवासी वारसास्थळाचा दर्जा मिळाला तो २००२ मध्ये, ट्रॅक बंद पडून गेल्यावर.

ही श्रद्धांजली दरीला आहे, गुंडुंगुरांना नाही. ते आजही आहेत, आणि चांगले भांडतातही. धरणाची भिंत १४ मीटरनं उंच करायचा बेत निघाला, तेव्हा पहिल्या पाण्यातून वाचलेली खडकांवरची चित्रं आणि पवित्र जागा आता तरी बुडवू नका, म्हणून ते उभे राहिले. २०२३ मध्ये नव्या राज्य सरकारनं तो बेत सोडून दिला.