गोंडवनांतील हिमयुग

वैशाखांत भंडाऱ्यास आलेल्या पाहुण्यास, ह्या मुलुखाच्या दक्षिणेस एके काळीं बर्फाचे डोंगर सरकत होते, असें सांगितलें तर सांगणारासच ऊन लागलें असावें असें तो समजेल. परंतु गोष्ट खरी आहे, आणि तिचा पुरावा पाहण्यास हिमालयांत जावें लागत नाहीं. भंडाऱ्याहून पवनी, नागभीड, मूल असा रस्ता धरून चंद्रपूर गांठावें. तेथून पश्चिम-नैर्ऋत्येस सुमारें १० मैलांवर पैनगंगेच्या कांठीं इरई नांवाचें खेडें आहे. (चंद्रपुराशेजारून वाहणारी इरई नदी निराळी, नांवावरून घोंटाळा होऊं देऊं नये.)

वाटेंत पवनीस वैनगंगेच्या पात्रांत घटकाभर उतरावें, म्हणजे पुढील मुद्दा चांगला ध्यानांत येतो. नदी मोठी चोखंदळ असते. सुगरणीनें सुपांत धान्य पाखडावें त्याप्रमाणें ती गोटे एकीकडे, रेती दुसरीकडे आणि गाळ तिसरीकडे टाकीत जाते. इरईच्या थरांत ही निवड मुळींच नाहीं. बारीक मातीच्या दगडांत लहान खडे आणि मोठाल्या शिळा एकत्रच रुतून बसलेल्या आहेत. कांहींच्या बाजू घासून सपाट झालेल्या, त्यांवर रेघा उमटलेल्या. त्या थराखालचा चुनखडीचा दगड तर गुळगुळीत झाला असून त्यावर लांबच लांब, एकमेकींस समांतर असे ओरखडे आहेत. भंडाऱ्याची पितळेची परात ज्यांच्या घरीं आहे त्यांस, जाड वाळूनें एकाच दिशेनें घासल्यास तिच्यावर काय होतें, हें सांगावयास नको. पाणी दगडास लोळवीत नेतें, पण घट्ट धरीत नाहीं. बर्फ मात्र त्यास मुठींत धरून खालच्या खडकावर रगडीत जातें. हिंदुस्थानच्या भूस्तरखात्यांतील फेडन ह्यांनीं ह्या स्थळाचें टिपण १८७५ सालीं प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं, १८५६ सालीं, ब्लॅनफर्ड बंधु व थिओबाल्ड ह्यांनीं ओरिसांतील तालचीर येथील तसल्याच थरावरून हें काम बर्फाचें असावें असा तर्क केला होता. म्हणून ह्या थरास आजही तालचीर हेंच नांव आहे.

आतां प्रश्न असा कीं, एवढी थंडी आली कशानें? १८३७ सालीं स्वित्झर्लंडांत आगासीझ ह्यांनीं युरोपखंड एकदां बर्फाखालीं गेलें होतें असें प्रतिपादिलें, तेव्हांपासून पंडितांस ह्या प्रश्नानें झोंप येऊं दिली नाहीं. १८४२ त आदेमार नामक फ्रेंच गणित्यानें अयनचलनाकडे बोट दाखविलें. तो धागा पुढें नेला जेम्स क्रॉल ह्यानें. हा गृहस्थ मूळचा गाड्या-यंत्रें दुरुस्त करणारा कारागीर. १८५९ त ग्लासगोच्या एका विद्यालयांत तो देखरेखीचा शिपाई म्हणून लागला आणि तेथल्या ग्रंथालयांत वाचून वाचून ज्योतिषी झाला! जन्मभर शाळेंत काढलेल्या माणसास ह्या गोष्टीचें फार कौतुक वाटतें.

क्रॉलचें म्हणणें आपल्या पंचांगावरून सहज समजतें. मार्गशीर्ष-पौष अधिक आल्याचें कोणी ऐकलें आहे काय? हल्लीं पौषाच्या सुमारास सूर्य आपणांस सर्वांत जवळ असतो, त्याची गति शीघ्र दिसते, त्यामुळें त्या वेळचे सौरमास लहान होतात आणि संक्रांतीवांचून चांद्रमास जात नाहीं. म्हणजे उत्तर गोलार्धाचा हिवाळा सध्यां जवळचा व आंखूड आहे. सुमारें १०,५०० वर्षांनीं हें उलट होतें. हिवाळा दूरचा व लांब पडतो. त्यांत पृथ्वीची कक्षा अधिक लांबोळी झालेली असली, तर पडलेलें बर्फ वितळत नाहीं, पांढरें असल्यामुळें ऊन परतवितें, आणि थंडी थंडीस वाढविते, असें क्रॉल म्हणाला. हिवाळ्यापेक्षां उन्हाळ्याची मंदता महत्त्वाची, ही दुरुस्ती सर्बियाचे मिलान्कोविच ह्यांनीं केली. त्यांचा मोठा ग्रंथ १९४१ चा. समुद्रतळच्या गाळानें त्यास १९७६ सालीं पुष्टि दिली.

लोकमान्य टिळकांनींही १९०३ च्या आपल्या 'आर्क्टिक होम'मध्यें ह्या वादाची छाननी केली आहे. क्रॉलच्या गणितानें शेवटचें हिमयुग ८०,००० वर्षांपूर्वीं संपलें. अमेरिकन भूस्तरज्ञ ८-१० हजार म्हणत. लोकमान्यांनीं दुसरा पक्ष घेतला. आज तो काळ सुमारें ११,७०० वर्षें धरतात, म्हणजे त्यांची निवड बरीच जवळची ठरली. ध्रुवावरील वसतिस्थान मात्र संशोधकांस मान्य झालेलें नाहीं.

परंतु इरईचा दगड क्रॉलच्याही हाताला लागत नाहीं. चंद्रपूर २० अक्षांशांवर. हिवाळा कांहीं दिवसांनीं लांबल्यानें तेथें बर्फ कसें सरकणार? शिवाय तसेच थर दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका येथेंही सांपडले, आणि त्याच युगांत युरोपांत दमट रानें माजलेलीं! १९१२ सालीं वेगेनर ह्यांनीं निराळेंच उत्तर दिलें : सूर्याकडे पाहूं नका, जमीनच हललेली आहे. पुष्कळांनीं त्यांस हंसून काढलें, पण अखेर तेंच टिकलें. सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वीं आपली भूमि दक्षिण ध्रुवाकडे, त्या इतर खंडांस जोडलेली होती. त्या जोडखंडास जगभर गोंडवन म्हणतात, तें आपल्याच गोंडांच्या मुलुखावरून. तेव्हां लोकमान्यांचें हिमयुग वेगळें आणि इरईचें वेगळें. बोलतांना पुष्कळ लोक दोन्ही एकत्र करतात.

ह्या थराच्या वर चंद्रपूर, घुग्गुस, बल्लारपूरचा कोळसा आहे. बर्फ ओसरल्यावर वाढलेल्या रानांचा तो अवशेष. स्वीडनच्या आऱ्हेनियस ह्यांनीं १८९६ त हिमयुगाचेंच कारण शोधतांना, हवेंतील कर्बवायु कमी झाल्यास किती थंडी पडेल आणि वाढल्यास किती उष्मा होईल, ह्याचा हिशेब मांडला होता. त्या रानांनीं हवेंतून घेतलेला वायु चंद्रपूरच्या वीजगृहाच्या धुरांड्यांतून आज परत जात आहे. हिशेबाचा दुसरा भाग आपण हल्लीं पडताळून पाहत आहों.

इरईस जाणें तें मार्गशीर्षांत जावें; पैनगंगेस पाणी असतां पात्रांत उतरतां येत नाहीं. मुलांस अवश्य न्यावें, परंतु त्यांच्या हातीं हातोडी देऊं नये.