परक्या पंचांगातील मोकळे दिवस

व्यापारी कुटुंबाच्या वर्षात सलग सुट्टीचे दिवस मोजकेच असतात. दिवाळीत वहीपूजन आटोपल्यावर ज्ञानपंचमीपर्यंतचे काही दिवस, आणि उन्हाळ्यात मुलांच्या परीक्षा संपल्यावर भावाभावांनी आळीपाळीने पेढी सांभाळून काढलेला एखादा पंधरवडा, एवढीच ती शिल्लक. या थोड्या दिवसांत आजी-आजोबा, कर्ती पिढी आणि नातवंडे एकत्र घराबाहेर पडतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातलगांमुळे अलीकडे अनेक घरांचा हा प्रवास फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडोपर्यंत, म्हणजे तेथील वॉल्ट डिस्ने वर्ल्डपर्यंत जातो. इतका खर्च करून आणि इतक्या दूर जाऊन पुष्कळ कुटुंबे तेथील दिवसाचा मोठा भाग रांगेत उभी राहून घालवतात. आजोबांचे पाय भरून येतात, धाकटे मूल रडून झोपी जाते, आणि जे पाहण्यासाठी गेले त्यातील निम्मे राहून जाते. ही गर्दी टाळता येण्यासारखी आहे. तिची रीत बाजाराच्या हंगामासारखीच असते आणि ती आधी ओळखता येते.

या स्थळाचा जन्मच एका अर्थी गर्दीच्या अनुभवातून झाला. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे पहिल्या डिस्नेलँडचे उद्घाटन झाले, तेव्हा बनावट निमंत्रणपत्रिकांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लोक आत शिरले आणि व्यवस्था कोलमडली. पुढे त्या उद्यानाच्या चहूबाजूंना परक्यांची हॉटेले आणि दुकाने उभी राहिली आणि विस्ताराला जागाच उरली नाही. हा धडा ध्यानी ठेवून वॉल्ट डिस्ने यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात फ्लोरिडात वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप जमीन घेतली. खरा गिऱ्हाईक कोण हे कळले असते तर भाव चढला असता, हे त्यामागचे साधे व्यापारी शहाणपण. गुपित फुटल्यावर आसपासचे भाव खरोखरच कडाडले, पण तोवर सुमारे २७ हजार एकर जमीन हाती आली होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथे मॅजिक किंग्डम सुरू झाले. त्यानंतर १९८२ मध्ये एप्कॉट, १९८९ मध्ये आज हॉलीवूड स्टुडिओज या नावाने ओळखले जाणारे उद्यान आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंग्डम अशी चार उद्याने उभी राहिली.

जागा अफाट असूनही रांगा लागतात. त्याचे कारण जमिनीत नाही, वेळेत आहे. प्रत्येक राइडची तासाला माणसे नेण्याची क्षमता ठरलेली असते. समजुतीसाठी काल्पनिक आकडे घेऊ. एखादी राइड तासाला १,००० माणसे नेते. उद्यान उघडल्यावर पहिल्या तासात ६०० माणसे आली, तर कोणालाच थांबावे लागत नाही. दुसऱ्या तासात १,४०० आली, तर ४०० मागे उरतात आणि शेवटच्या माणसाला २४ मिनिटे थांबावे लागते. तिसऱ्या तासातही १,४०० आली, तर शिल्लक ८०० होते आणि प्रतीक्षा ४८ मिनिटांवर जाते. चौथ्या तासातही तसेच घडले, तर ती ७२ मिनिटे होते. खतावणीत मागील बाकी पुढे ओढली जाते तशीच ही रांग पुढे ओढली जाते. म्हणून सकाळचा एक तास दुपारच्या तीन तासांच्या तोलाचा ठरतो, आणि दिवसाची आवक थोडी कमी असली तरी रांग पुष्कळ आखूड होते.

ही आवक ठरवते अमेरिकेचे पंचांग. नाताळपासून नववर्षापर्यंतचा आठवडा सर्वांत दाटीचा असतो. त्या दिवसांत उद्यान भरल्यामुळे नव्या लोकांचा प्रवेश काही काळ थांबवावा लागल्याचे प्रसंग पूर्वी घडले आहेत. फेब्रुवारीच्या मध्यावरील प्रेसिडेंट्स डेचा आठवडा, मार्च-एप्रिलमधील वसंताची सुट्टी आणि ईस्टर, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणारा थँक्सगिव्हिंग, हे आणखी काही टाळण्याजोगे काळ. मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला यातील एकाही दिवसाचे बंधन नाही. आपला सुट्टीचा हंगाम आणि त्यांचा हंगाम वेगळा आहे, हीच आपल्या हातातील सर्वांत मोठी सवलत.

मे महिन्याचेच पाहा. महाराष्ट्रात मुले घरी असतात आणि प्रत्येक थंड हवेच्या ठिकाणी पाऊल ठेवायला जागा नसते. अमेरिकेत मात्र ईस्टर उरकलेला असतो, शाळा चालू असतात, आणि मेच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेनंतर उन्हाळी सुट्टीची गर्दी वाढू लागते. मेचे पहिले तीन आठवडे त्यामुळे तुलनेने मोकळे मिळतात. हवा उष्ण असते, पण विदर्भ-खानदेशच्या उन्हाची सवय असलेल्याला ती असह्य वाटू नये. सूर्य रात्री आठनंतर मावळतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्यांना दिवसभर फिरूनही सायंकाळचे जेवण शांतपणे घेता येते.

दुसरी संधी दिवाळीनंतरची. नोव्हेंबरच्या आरंभापासून थँक्सगिव्हिंगपर्यंतच्या काळात काही आठवडे बरेच सैल असतात. मॅजिक किंग्डममध्ये नाताळची रोषणाई याच सुमारास होते, म्हणजे नाताळची शोभा नाताळच्या गर्दीविना पाहता येते. दिवाळी ऑक्टोबरातच आली, तर प्रवास शक्यतो नोव्हेंबरात ढकलावा. ऑक्टोबरात शरद ऋतूच्या शालेय सुट्ट्या आणि हॅलोविन यांमुळे उद्याने भरू लागली आहेत. येथे एक सापळा मात्र आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू जर्सीत शिक्षकांचे वार्षिक अधिवेशन भरते आणि गुरुवार-शुक्रवारी शाळा बंद राहतात. तेथील कुटुंबे त्याच आठवड्यात फ्लोरिडाला धाव घेतात. न्यू जर्सीतील काका-मामा आपल्या मुलांच्या सोयीने नेमका हाच आठवडा सुचवण्याचा संभव फार. आग्रह प्रेमाचा असला, तरी भेट न्यू जर्सीत घ्यावी आणि ऑरलँडोची तारीख पुढची धरावी.

नोव्हेंबरात घड्याळ एक तास मागे जाते आणि सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. नियम पाळणाऱ्या कुटुंबाचा दिवस तिथेच आखडतो, पण त्याचाही उपयोग करून घेता येतो. नोव्हेंबर-डिसेंबरातील काही ठरावीक रात्री मॅजिक किंग्डममध्ये वेगळ्या तिकिटाचा नाताळ सोहळा असतो आणि साध्या तिकिटाच्या लोकांना सायंकाळी सहाच्या सुमारास बाहेर पडावे लागते. रात्रीची आतषबाजी चुकू नये म्हणून पुष्कळ लोक तो दिवसच टाळतात. ज्यांना जेवणासाठी लवकर परतायचे आहे, त्यांना नेमका तोच दिवस मोकळा मिळतो. आतषबाजीसाठी दुसरी एखादी संध्याकाळ राखून ठेवावी.

वर्षातील सर्वांत कमी गर्दी बहुधा ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात असते. पण तेव्हा आपल्या शाळा चालू असतात, पर्युषण त्याच सुमारास येते, आणि चक्रीवादळांचाही तोच जोराचा काळ. सर्वांत स्वस्त माल प्रत्येक पेढीच्या उपयोगाचा नसतो, तसेच हे.

तारीख निश्चित करताना भावाकडे पाहण्याची सवय येथे कामी येते. २०१८ पासून या उद्यानांचे तिकीट तारखेनुसार बदलते, आणि पुढील कित्येक महिन्यांचे दर आधीच जाहीर असतात. दर चढा असेल, तेव्हा चालकांनाच मोठ्या गर्दीची अपेक्षा आहे असे समजावे. भावावरून आवक ओळखणाऱ्याला याहून चांगले भाकीत दुसरीकडे मिळणार नाही. शनिवार-रविवारपेक्षा आठवड्याचे मधले दिवस सहसा बरे.

दिवस ठरला की पहाट सांभाळावी. मॅजिक किंग्डमची गाडी लावण्याची जागा प्रवेशद्वाराजवळ नाही. तिथून मोनोरेलने किंवा तलावातून बोटीने पुढे जावे लागते. नऊ वाजता उघडणाऱ्या दारासाठी आठच्या आधी गाडीतळावर पोहोचावे. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना अर्धा तास आधी प्रवेश मिळतो आणि खतावणीच्या हिशेबात तो अर्धा तास मोलाचा असतो. प्रथम अशा राइड घ्याव्यात ज्यांना मागणी मोठी आणि क्षमता लहान. पीटर पॅनची उडती नाव एका वेळी दोन-तीन माणसेच नेते, म्हणून तिची रांग दिवसभर हटत नाही. उलट ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’च्या मोठ्या बोटी एकामागून एक सुटतात. ती दुपारीही चालेल.

ॲनिमल किंग्डममध्ये सफारी सकाळीच करावी. ऊन चढण्यापूर्वी प्राणी हिंडताना दिसतात. एप्कॉटमध्ये तलावाभोवती ११ देशांची दालने आहेत. ती बहुधा अकराच्या सुमारास उघडतात, म्हणून तोवर पुढच्या भागातील राइड आटोपून मग तिकडे वळावे. दुपारी बारा ते चार हा रांगांचा चढता काळ. तेव्हा हॉटेलवर परतून ज्येष्ठांनी आणि मुलांनी विश्रांती घ्यावी, किंवा बसून पाहण्याचे कार्यक्रम निवडावेत. मिरवणूक किंवा आतषबाजी चालू असताना अनेक राइडच्या रांगा ओसरतात. वळवासारखी सर येऊन गेल्यावरही तसेच होते, कारण भिजलेले लोक घरची वाट धरतात.

रांग जेवणाचीही असते आणि ती दुपारी बारा ते दीडपर्यंत वाढत जाते. सुदैवाने या उद्यानांत स्वतःपुरते खाद्यपदार्थ नेता येतात. काचेची भांडी, मोठ्या शीतपेट्या आणि गरम करावे लागणारे अन्न मात्र चालत नाही. खाकरे, ठेपले, मेथीपुरी, चिवडा असा कोरडा शिधा सोबत असला की कंदमुळाविना पदार्थ शोधण्याची धावपळ टळते आणि साडेअकरालाच सावलीत पंगत बसते. पिण्याचे थंड पाणी बहुतेक खाद्यकेंद्रांवर मोफत मिळते. भारतातून पदार्थ नेताना विमानतळावरील घोषणापत्रात त्यांची नोंद करावी. ताजी फळे आणि भाज्या नेऊ नयेत.

तीन पिढ्यांच्या कुटुंबाने आणखी दोन सोयी ध्यानात ठेवाव्यात. उंचीच्या अटीमुळे लहान मूल एखाद्या राइडवर बसू शकत नसेल, तर आई-वडिलांपैकी एकाने आधी जावे आणि दुसऱ्याने मुलाजवळ थांबावे. नंतर दुसऱ्याला मुख्य रांगेत पुन्हा उभे न राहता आत सोडतात. त्यासाठी राइडच्या दारातील कर्मचाऱ्याला आधी सांगावे लागते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजींसाठी प्रवेशद्वाराजवळ चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. मानी माणसे ती नाकारतात आणि दुपारपर्यंत थकून जातात. दिवसाच्या आरंभीच ती घ्यावी.

राहता राहिला पैसे देऊन रांग टाळण्याचा मार्ग. १९९९ मध्ये सुरू झालेला फास्टपास विनामूल्य होता. २०२१ पासून त्याची जागा सशुल्क व्यवस्थेने घेतली. दाटीच्या दिवशी माणशी हा खर्च मोठा होतो, आणि आठ-दहा जणांच्या कुटुंबाला तो चांगलाच जाणवतो. मोकळा आठवडा आणि सकाळची वेळ साधली, तर त्याची गरज बहुतेक उरत नाही. तारखेच्या निवडीत वाचलेला पैसा हा असा दुहेरी असतो.

ॲनिमल किंग्डमच्या आशिया विभागात ‘आनंदपूर’ नावाचे एक काल्पनिक राज्य रचलेले आहे. जुन्या राजवाड्याचे भासवलेले भग्नावशेष, वेली, आणि त्यांमधून जाणारी वाघांच्या दर्शनाची पायवाट. त्या पायवाटेवर कोणतीही राइड नाही आणि घाई करण्याचे कारणही नाही. सकाळची कामे वेळेत उरकलेल्या कुटुंबालाच तिथे रमता येते. आजोबा कठड्याशी टेकून नातवाला वाघ दाखवू शकतात, आणि वर्षभर गल्ल्यावर बसणारा मुलगा वडिलांच्या शेजारी निवांत उभा राहू शकतो. तेवढी सवड हाती यावी, यासाठी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी दोन पंचांगे शेजारी ठेवून पाहण्याचा अर्धा तास घरातील कर्त्यांनी अवश्य काढावा.