चुलीनं राखलेल्या भिंती

न्यू मेक्सिकोच्या दक्षिणेला, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात मेसिया नावाचं लहानसं गाव आहे. १८४८ साली अमेरिका-मेक्सिको युद्ध संपलं, नकाशावर नवी रेघ ओढली गेली, तेव्हा मेक्सिकोशी नातं तोडायचं नाही म्हणून अनेक कुटुंबं रेघेच्या पलीकडे येऊन इथं वसली. पाच-सहा वर्षांतच गॅड्सडेन करारानं हा मुलूखही अमेरिकेकडे गेला. १८५४मध्ये गावच्या चौकात नवा झेंडा चढला. माणसं होती तिथंच राहिली, देश तेवढा बदलला. त्यांची घरं होती मातीची : माती, वाळू आणि गवताचं काड कालवायचं, साच्यात घालून विटा पाडायच्या, त्या उन्हात वाळवायच्या आणि मातीच्याच गाऱ्यात रचायच्या. चौकाच्या कोपऱ्यावरच्या अशाच एका जुन्या वास्तूत आज ‘ला पोस्ता’ हे उपाहारगृह आहे.

शेजारच्या लास क्रूसेसला शिकणाऱ्या भाचीनं मला तिथं जेवायला नेलं. बाहेर डोळ्यांपुढे अंधारी यावी असं ऊन, आणि दारातून आत पाऊल टाकताच अंग निवलं. आत पिंजऱ्यातल्या पोपटांभोवती पोरांची गर्दी होती. मी मात्र खिडकीपाशी थांबलो. भिंतीच्या जाडीत कोपरापर्यंतचा हात सहज मावत होता. कोनाड्याच्या कडा हातानं लिंपलेल्या, म्हणून कुठंच सरळ नाहीत. बोटं फिरवली की लिंपणाऱ्याच्या तळव्याचा दाब कळतो. अशी भिंत दिवसभर ऊन पीत राहते. ते आतल्या अंगाला पोचेस्तोवर रात्र झालेली असते, आणि वाळवंटातल्या गार रात्रीला तीच ऊब पुरते.

या भिंतींनी खूप पाहिलंय. पूर्वेकडून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी बटरफिल्डची टपालगाडी १८५८पासून मेसियावरून धावे. पुढे याच वास्तूत ‘कॉर्न एक्स्चेंज’ हॉटेल होतं. १८८१मध्ये बिली द किड या कुख्यात गुन्हेगाराला फाशीची शिक्षा याच गावात सुनावली गेली. त्याच वर्षी रेल्वे आली ती लास क्रूसेसला, आणि मेसिया मागं पडलं. मला वाटतं, त्या मागं पडण्यानंच ही घरं वाचली. पाडून नवं बांधायला इथं कुणाकडे पैसा उरला नव्हता. १९३९ साली केटी ग्रिग्स कामुन्येस या बाईंनी इथं खानावळ काढली, तेव्हा टेबलं मोजकी, जमीन मातीची आणि नळाचा पत्ता नव्हता. भिंतींना तेव्हापासून रोज विचारणारं कुणीतरी मिळालं.

हे रोजचं विचारणंच मला मोलाचं वाटतं. मातीचं घर कुलूप लावून जपता येत नाही. पागोळीचं पाणी कुठं मुरतंय, कुठला पोपडा सुटलाय, हे तिथं वावरणाऱ्यालाच दिसतं. न्यू मेक्सिकोच्याच उत्तरेला रांचोस दे ताओसचं प्रसिद्ध मातीचं चर्च आहे. लिंपणाची कायमची कटकट मिटावी म्हणून १९६७मध्ये त्याला सिमेंटचा गिलावा केला. सिमेंटला भेगा गेल्या, आत शिरलेलं पाणी बाहेर पडेना, विटा आतून विरघळू लागल्या. शेवटी १९७९मध्ये सगळं सिमेंट खरवडून पुन्हा मातीचं लिंपण केलं. आता गावकरी दर उन्हाळ्यात जमून ते चर्च लिंपतात.

ताटात तोस्तादा कोंपुएस्ता आली : मक्याच्या कुरकुरीत वाटीत घेवड्याचं दाटसर वरण, लाल मिरचीच्या रश्श्यातलं मांस, वर चिरलेला टोमॅटो नि चीज. मिरची याच खोऱ्यातली. इथल्या विद्यापीठातल्या फाबियान गार्सिया यांनी शंभर वर्षांपूर्वी तिचं सुधारित वाण तयार केलं. रश्श्याचा तिखटपणा जिभेवर हळूहळू चढत होता आणि भाचीनं विचारलं, “मामा, आपल्या गावच्या माळवदाच्या घराचं काय करायचं ठरलं?”

आमच्या मराठवाड्यात १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर मातीच्या घरावरचा विश्वासच उडाला. हजारो माणसं झोपेत दगावली. ती भीती मी खोटी कशी म्हणू? तिथल्या भिंती ओबडधोबड दगडांच्या, सांधे धरायला नुसती माती आणि डोक्यावर मातीचंच प्रचंड ओझं. ते ओझं हलकं कसं करायचं, भिंती एकमेकींना कशा बांधून घ्यायच्या, हे आता अभियंते सांगू शकतात. आम्ही मात्र सरसकट पत्रा आणि स्लॅब गाठला.

भाचीला मी म्हटलं, घर पाडायचं नाही. तिनं लगेच हिशेब मांडला : रस्त्याकडच्या दोन खोल्यांत खानावळ, भाकरी नि शेंगदाण्याची आमटी, मागं चूल. मला ते पटलं. मात्र आधी जाणत्या अभियंत्याला भिंती दाखवायच्या आणि पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती चढवणारा गवंडी पंचक्रोशीत अजून कुणी आहे का, ते शोधायचं. असला, तर त्याच्या हाताखाली शिकायला दोन पोरं लावायची आणि त्यांचा रोज खानावळीनं द्यायचा.