थुंकायचं भांडं

आईला सांगितलं, गंगापूर धरण बघायला जातोय. आप्पांना घेऊन गेले धरणाजवळच्या यॉर्क वायनरीत. चोपड्याला आमच्या घरी बाटलीचा विषय निघत नाही; आबांच्या मोहाच्या दारूपायी दोन एकर केळीचं वावर गेलंय.

२००६ साली एका कुटुंबाने ही वायनरी काढली. नाव मालकांच्या तीन मुलांच्या आद्याक्षरांवरून. २०२१ मध्ये ती सुलाने विकत घेतली. हे ऐकून आप्पा म्हणाले, "नाव ते ऱ्हायनं ना!"

टेबलावर शेनिन ब्लां आली. ग्लास गोल फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा. आप्पांनी फक्त वास घेतला. त्यांना वाइनपेक्षा द्राक्षात रस. ही द्राक्षं खायच्या थॉमसनपेक्षा बारीक, जाड सालीची, बियांची. रेड वाइनचा रंग नि तुरटपणा सालीतूनच उतरतो. (आमच्याकडे केळीच्या सालीवर डाग दिसला की व्यापारी भाव पाडतो.)

घोट गिळायचा नसेल तर थुंकायला वेगळं भांडं असतं. आप्पा त्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"आबाले हाई भांडं कोनी दखाडं नही."

ग्लास माझ्याकडे सरकवून त्यांनी गाइडला द्राक्षाचा किलोचा भाव विचारला.